पहिलीचं गणित इंग्रजीतून नको: आपल्या शाळा व्यवस्थापन समितीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष दादा, सरपंच ताई, समितीतले सगळे सदस्य आणि शाळेतल्या पोरांचे आईबाप, सगळ्यांना नमस्कार.

रविवारी ग्रुपवर मेसेज आला की येत्या जूनपासून आपली जिल्हा परिषदेची शाळा पहिलीपासून सेमी इंग्लिश करायची, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून आणि बाकीचं मराठीतून, शनिवारच्या सभेत ठराव घ्यायचा आहे, कुणाचं काही म्हणणं असेल तर सांगा. दहा मिनिटात खाली अंगठेच अंगठे. मी अंगठा दिला नाही. तिथं दोन ओळीत विरोध लिहिला असता तर नुसतं भांडण झालं असतं, म्हणून इथं सविस्तर लिहितेय. लांब झालंय, पण पोरांच्या पहिल्या चार वर्षांचा प्रश्न आहे, सभेच्या आधी एकदा वाचा एवढीच विनंती.

आधी हे सांगते की तुमची काळजी मला कळते. पट 38 वर आलाय, पहिलीत यंदा सहाच पोरं आली, आणि रोज सकाळी साडेसातला पिवळी गाडी वेशीत उभी राहून आपल्याच गावची पोरं तालुक्याला घेऊन जाते. अजून दोन-तीन वर्ष असंच चाललं तर शाळा राहणार का असं मनात येतं. आणि इंग्रजी पाहिजेच, त्यात दुमत नाही. मी स्वतः दहावीपर्यंत मराठी मीडियमची, अकरावी सायन्सला गेले तेव्हा फिजिक्सच्या तासाला पहिले चार महिने रडायचे फक्त. ते कुणाच्याच पोराच्या वाट्याला येऊ नये असं मलाही वाटतं. पण त्या चार महिन्यांनंतर मला जमायला लागलं ते कशामुळं, हे मला फार उशिरा कळलं. वेग म्हणजे काय, बल म्हणजे काय, घनता म्हणजे काय हे डोक्यात मराठीतून पक्कं बसलेलं होतं, मला फक्त त्यांची नवी नावं शिकायची होती. सहा वर्षाच्या पोराचं तसं नसतं. त्याला वस्तूच माहिती नाही आणि आपण तिचं परक्या भाषेतलं नाव आधी पाठ करून घेतोय.

माझ्याच घरातलं सांगते. मोठी मुलगी एलकेजीपासून तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला होती, नाव घेत नाही शाळेचं, कारण अशा खूप आहेत. दुसरीत असताना एक दिवस गृहपाठाला वजाबाकीचं उदाहरण होतं, एका मुलाकडं बारा आंबे, पाच खाल्ले, शेवटी प्रश्न, हाऊ मेनी मँगोज आर लेफ्ट? पुस्तकात शेजारी आंब्यांचं चित्र. ती चित्राच्या डाव्या बाजूचे आंबे मोजत बसली होती. मी म्हणलं अगं हे काय करतेस, तर म्हणाली, आई लेफ्ट म्हणजे डावं ना? मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही. पोरगी हुशार आहे, लेफ्ट-राइट तिनं नर्सरीच्या कवायतीत बरोबर शिकलेलं, तिची चूक कुठंच नव्हती. मी तेच गणित मराठीतून सांगितलं, बारा होते, पाच खाल्ले, राहिले किती, तर "सात" म्हणाली पटकन, बोटं पण मोजली नाहीत. म्हणजे गणित येत होतं. अडत होती भाषा, आणि कमी मार्क पडत होते गणितात. दोन वर्ष आम्ही तिला गणितात कच्ची समजून ट्यूशन लावली, महिन्याला पाचशे रुपये, आणि "तुझं लक्ष नसतं" म्हणून ओरडलो ते वेगळंच. चौथीला तिला आपल्या शाळेत आणली ते तुम्हा सगळ्यांना माहिती आहे, तेव्हा लोक म्हणले फी परवडेना म्हणून काढली. फी परवडत होती.

आता धाकटा दुसरीत आहे, पहिल्यापासून आपल्याच शाळेत. मॅडमनी पहिलीत काड्यांचे गठ्ठे करून दिलेले, दहा काड्यांचा एक गठ्ठा, त्याला रबर, आणि शंभर मण्यांची माळ, दहा मणी लाल दहा पांढरे अशी. परवा त्याला बत्तीसमधून सतरा वजा करायचे होते. तो पाटावर बसून स्वतःशीच बोलत होता, "दोनातनं सात जात नाहीत, मग एक गठ्ठा सोडायचा, आता सुट्ट्या बारा झाल्या, बारातनं सात गेले पाच, गठ्ठे राहिले दोन, एक गेला, एक गठ्ठा आणि पाच सुट्ट्या, पंधरा." आपण लहानपणी हातचा घ्यायचो तो का घ्यायचा हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, नुसतं वरच्या आकड्यावर काट मारायची आणि एक कमी करायचा. ह्याला कारण माहिती आहे. आणि ते कारण तो बोलतोय, स्वतःच्या तोंडानं, घरात बोलतो त्या भाषेत. माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीवर आहे. पोरगं गणित शिकतं ते बोलत बोलत. ते बोलणंच बंद केलं तर उरतं पाठांतर.

आणि सेमी केल्यावर पहिली-दुसरीला बदलतं काय ते पण नीट बघा. मराठी विषय मराठीच राहणार. इंग्रजी हा विषय तर आपल्याकडं पहिलीपासून आहेच, 2000 सालापासून राज्यातल्या सगळ्या मराठी शाळांत आहे. विज्ञान त्या वयाला वेगळं नसतंच. म्हणजे बदलणार फक्त गणित. जिथं भाषा सगळ्यात कमी आडवी यायला पाहिजे तिथंच आपण ती आडवी घालतोय.

ह्यावर एक खरा मुद्दा आहे आणि तो अध्यक्ष दादांनी मागच्या वेळी बोलून दाखवलेला, तो मी टाळत नाही. मराठीतले आकडे अवघड आहेत. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात म्हणून पोरं 36 लिहितात, पंचवीसचे 52 होतात, आणि एकोणतीस, एकोणचाळीस म्हणलं की वर्गातली निम्मी पोरं गप्प. इंग्रजीत ट्वेंटी फाइव्ह, आधी वीस मग पाच, लिहायचं तसंच बोलायचं, मग इंग्रजीच सोपं नाही का? हे खरं आहे आणि हे मोठ्या माणसांच्याही लक्षात आलेलं. 2019 ला बालभारतीचं दुसरीचं गणिताचं नवीन पुस्तक आलं त्यात पंचवीसला "वीस पाच" असं म्हणायची सोय दिलेली, त्या वेळी गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. किती गदारोळ झाला तेव्हा, विधानसभेपर्यंत गेलं, मराठीची मोडतोड केली म्हणून किती टीका. पण त्यामागचा विचार साधा होता, की पोराला आधी वीस आणि पाच दिसू दे, पंचवीस हे नाव त्यावर बसव. कन्नडमध्ये तसंच आहे, इप्पत्तोंदु म्हणजे वीस-एक. आपल्या मॅडम पण तेच करतात, दोन गठ्ठे पाच सुट्ट्या, वीस आणि पाच, पंचवीस, आणि दिवाळीनंतर पोरांना त्रेसष्ट ऐकून 63 लिहिता येतं. म्हणजे अडचणीवर उपाय मराठीतच निघाला. आणि इंग्रजी आकडे काय सरळ आहेत का सगळे? इलेव्हन, ट्वेल्व्ह ह्यात दहा कुठं दिसतात? थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी, मोठीला चौथीपर्यंत ऐकताना फरक कळायचा नाही, 15 च्या जागी 50 लिहून यायची.

आपण साताऱ्याची माणसं आहोत म्हणून एक आठवण करून देते. आपल्याच जिल्ह्यातलं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट, तिथं विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे मॅडम आणि तिथल्या शिक्षकांनी मिळून ज्ञानरचनावादी पद्धतीनं, म्हणजे पोरानं स्वतः हाताळून शिकायचं अशा पद्धतीनं, वर्ग उभे केले, फरशीवर आखलेल्या चौकटी, गोट्या, बिया, काड्या, पोरं गटात बसलेली, एकमेकांना शिकवणारी. ते बघायला अख्ख्या महाराष्ट्रातून शिक्षकांच्या गाड्या यायच्या. 22 जून 2015 चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्राचा जीआर निघाला तेव्हा गावोगावच्या शाळांच्या फरश्या रंगल्या त्या ह्या कुमठ्यामुळंच. ह्या सगळ्या जिल्हा परिषदेच्याच शाळा, साधे डीएड झालेले शिक्षक, शेतकऱ्यांची मजुरांची पोरं. आणि फलटणला कमला निंबकर बालभवन आहे, 1986 पासूनची मराठी माध्यमाची शाळा. ती उभी करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन अमेरिकेत जन्मलेल्या, इंग्रजी ज्यांची स्वतःची मातृभाषा, त्यांनी फलटणमध्ये येऊन पोरांना शिकवायला भाषा कोणती धरली, तर मराठी. मला हे जेव्हा पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ विचार करत बसलेले.

आता सभेत कुणीतरी म्हणेल की सरकारच इंग्रजी आणतंय मग आपण का मागं राहायचं. तर सरकारी कागद काय म्हणतात ते पण बघू. शिक्षण हक्क कायदा 2009, त्याच्या कलम 29 मध्ये लिहिलंय की शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी. 2020 च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरची भाषा. पायाभूत वाचन आणि गणितासाठीचं केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 5 जुलै 2021 ला सुरू झालं त्याचं तर सगळं लक्षच पहिली तीन वर्ष, तिसरीच्या शेवटाला पोराला मिनिटाला निदान 60 शब्द समजून वाचता यावेत, 9999 पर्यंतच्या संख्या कळाव्यात. 2022-23 ला बालभारतीनं पहिलीला द्विभाषिक पुस्तकं काढली, मराठी शब्द आणि शेजारी त्याचाच इंग्रजी शब्द. ती मला आवडली होती, कारण त्यात इंग्रजी शेजारी येऊन बसतं, मराठीला उठवत नाही.

आणि 2025 आठवा ना. एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा जीआर आला, तेव्हा आपल्या ह्याच ग्रुपवर किती लिहिलं सगळ्यांनी, की सहा वर्षाच्या लेकरावर अजून एका भाषेचं ओझं कशाला, आधी त्याला एक भाषा तरी नीट येऊ द्या. अख्खा महाराष्ट्र तेच बोलत होता आणि 29 जूनला सरकारला दोन्ही जीआर मागे घ्यावे लागले. आपण तेव्हा बोललो ते मनापासून बोललो असू तर तेच आज गणिताला पण लागू पडतं. हिंदी तर नुसता एक विषय होता, इथं आपण एक आख्खा विषयच पोरांना न कळणाऱ्या भाषेत टाकतोय.

वाचनाचं पण बोलायला पाहिजे, कारण सेमीच्या गडबडीत ते मागं पडतंय. गावोगावच्या पोरांचं वाचन आणि गणित तपासणाऱ्या असर पाहणीच्या 2024 च्या अहवालात देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या पोरांपैकी 48.8 टक्के पोरांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. निम्म्याहून जास्त पोरं पाचवीत गेली तरी दुसरीचं वाचू शकत नाहीत, आणि ते पण स्वतःच्या भाषेतलं. आपल्या शाळेत तिसरी-चौथीची किती पोरं अडखळतात हे समितीतल्या किती जणांनी वर्गात बसून ऐकलंय? मी मागच्या महिन्यात दोन दिवस दुपारी बसले, मॅडमची परवानगी घेऊन. चौथीतली तीन पोरं अक्षर अक्षर लावून वाचतात, "पा-ऊ-स" असं, आणि ओळीच्या शेवटाला जाईपर्यंत सुरुवात विसरतात. ह्यांना जोडाक्षरं येत नाहीत, आणि आपण ठराव करतोय इंग्रजीचा. त्या तिघांसाठी कुणाचा ठराव आहे?

शिक्षकांची बाजू पण समजून घ्या. दोन शिक्षक, चार वर्ग. साठपर्यंत पट असला की दोनच पदं मिळतात, हा नियम आहे, त्यात आपण काही करू शकत नाही. म्हणजे मॅडमकडं पहिली-दुसरी एकत्र आणि सरांकडं तिसरी-चौथी. एका वर्गाला लिहायला देऊन दुसऱ्याला शिकवायचं, मधेच ऑनलाइन माहिती भरा, पोषण आहाराची नोंद करा, कुठल्यातरी ॲपवर फोटो टाका. दोघांचंही शिक्षण मराठीतून झालेलं, डीएड मराठीतून. मॅडम मला म्हणाल्या की मी इंग्रजीतून गणित शिकवीन हो, पुस्तकात आहे ते वाचून दाखवीन, पण पोरानं मधेच "असं का?" विचारलं तर मला मराठीतच उत्तर द्यावं लागेल, नाहीतर मी त्याला विचारूच देणार नाही. हे त्यांनी किती प्रामाणिकपणे सांगितलं. आपण त्यांच्याकडून जी सगळ्यात चांगली गोष्ट मिळतेय तीच काढून घेतोय.

मग इंग्रजीचं काय करायचं? करायचं, आणि आजच्यापेक्षा कितीतरी जास्त करायचं, पण इंग्रजी म्हणून करायचं. रोज अर्धा तास फक्त बोलायचं आणि ऐकायचं. स्टँड अप, कम हिअर, गिव्ह मी द बॉल अशा सूचना खेळता खेळता, गाणी, छोट्या गोष्टी, दुकान-दुकान खेळ इंग्रजीतून. गेल्या वर्षी शाळेत आठवडी बाजार भरवलेला, पोरांनी कोथिंबीर, लिंबं, भजी विकली, हिशोब केले, किती मजा आली सगळ्यांना. तसाच एक स्टॉल इंग्रजीतून बोलायचा ठेवला तर? पहिल्या वर्षी दहाच वाक्यं येतील, येऊ देत. गावातल्या आम्ही तिघी-चौघी बीए, बीएस्सी झालेल्या घरी आहोत, आठवड्यातून एक-एक दिवस आम्ही येतो गोष्ट वाचून दाखवायला, मी माझं नाव आजच देते, मंगळवार माझा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठीत आणि इंग्रजीत चित्रांच्या गोष्टी फुकट मिळतात, शाळेच्या टीव्हीवर लावता येतात, तो टीव्ही दोन वर्ष कपाटाशेजारी झाकून ठेवलेला आहे. तिसरीपासून गणितातले शब्द दोन्ही भाषेत फळ्यावर लिहायचे, बेरीज आणि त्याखाली ॲडिशन, त्रिकोण आणि त्याखाली ट्रँगल, म्हणजे पुढं सहावीला कुणाला सेमी घ्यायचं असेल तर शब्द ओळखीचे असतील. आणि नवोदयची परीक्षा पाचवीत असते ती मराठीतून देता येते, त्यासाठी पहिलीपासून सेमी लागतं ही समजूत आपल्याकडं कुणीतरी पसरवलीय, ती खरी नाही.

पटाबद्दल मला जे वाटतं ते सांगते, चुकत असेन तर सभेत सांगा. पाटीवर सेमी इंग्लिश लिहिल्यानं पिवळ्या गाडीतली पोरं परत येणार नाहीत. ज्यांना इंग्लिश मीडियम पाहिजे त्यांना गाडी, टाय, बूट, सगळंच पाहिजे, आपण अर्धं देऊन त्यांचं समाधान होणार नाही. माझी मुलगी परत आली ती पाटी बघून नाही आली. शेजारची तिच्याच वयाची पोरगी आपल्या शाळेतली, ती अंगणात बसून आजीला पेपर वाचून दाखवत होती, खळखळून, आणि माझी नुसती बघत होती. ते बघून मी निर्णय घेतला. तशी वाचणारी, हिशोब करणारी, धीटपणे बोलणारी पोरं गावाला दाखवा. पंधरा ऑगस्टला नुसती भाषणं पाठ करून घेण्यापेक्षा त्या दिवशी तिसरी-चौथीच्या पोरांना न वाचलेलं पुस्तक हातात देऊन सगळ्या गावासमोर वाचायला लावा, धाकट्यांना गठ्ठे घेऊन वजाबाकी करायला लावा. ज्यांची पोरं गाडीनं जातात ते पण झेंड्याला येतातच की.

अजून एक, हे थोडं कडक वाटेल. ह्या समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत असा कायदा आहे, आणि आपल्याकडं कागदावर तसं आहे. पण ताई, मागच्या तीन सभांना बायका किती होत्या? सह्या घरी रजिस्टर फिरवून घेतल्या जातात, माझ्या जाऊबाईंनी पण तशीच सही केलीय, त्यांना ठराव काय होता हे माहिती नव्हतं. रोज रात्री पोराशेजारी अभ्यासाला आईच बसते. गणित इंग्रजीतून झालं तर त्यातल्या किती जणी शेजारी बसून सांगू शकतील? आज पाचवी शिकलेली आई पण पोराला दोन गठ्ठे पाच सुट्ट्या सांगू शकते. उद्यापासून ती पण गप्प बसेल आणि पाचशे रुपयाची ट्यूशन शोधेल. म्हणून सभा शनिवारी सकाळी अकराला ठेवू नका, त्या वेळी सगळ्या रानात असतात. संध्याकाळी सहानंतर ठेवा, शाळेच्या पटांगणात, आणि ठराव आधी वाचून दाखवा, मग हात वर करून मत घ्या.

माझं मागणं एवढंच आहे की ह्या शनिवारी सेमीचा ठराव घेऊ नका. त्याऐवजी एक वर्ष शाळा विकास आराखड्यात हे घ्या की चौथीतून बाहेर पडणारं एकही पोर वाचन अडखळत बाहेर पडणार नाही, आणि रोजचा अर्धा तास इंग्रजी बोलण्याचा तास सुरू होईल. पुढच्या मार्चला आपण सगळे मिळून पोरांचं वाचन ऐकू, हिशोब बघू, इंग्रजी किती बोलतात ते बघू. तेव्हाही बहुमताला सेमी पाहिजे असेल तर निदान पाचवीनंतरचा विचार करू, तो वेगळा विषय आहे आणि त्याला माझा तेवढा विरोध नाही.

सभेला मी येणार आहे. धाकट्याची माळ आणि काड्या घेऊन येते, आणि मोठीची ती दुसरीची वही पण अजून जपून ठेवलेली आहे, त्यात आंब्यांच्या उदाहरणावर लाल पेनानं केलेली फुली आहे, ती ज्यांना बघायची त्यांनी बघा. माझं म्हणणं रजिस्टरला लिहून घ्यावं ही विनंती.

तुमच्याच गावातली,
दुसरीतल्या एका मुलाची आणि सहावीत गेलेल्या एका मुलीची आई